‘सर, माझ्या पेशींचं काय?’

नमस्कार श्रोतेहो.

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात नागपूर बंद व्हायला लागलं. माझी एक विद्यार्थिनी, पीएच.डी.च्या चौथ्या वर्षातली, यवतमाळकडच्या आपल्या गावी निघाली होती. दारातून वळून म्हणाली, ‘सर, माझ्या पेशींचं काय?’

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी ३७ अंशांवर ठेवतात आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पोषकद्रव्य बदलतात. कुलूप लागलं की त्या मरतात. काही आम्ही उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या, पण तो उडून जातो, भरत राहावा लागतो. बाकी सगळं गेलं. उन्हाळा सरला, पावसाळा सरला, तेव्हा कुठे ती परतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्रबंध सादर करायला आधी सहा महिने वाढवून दिले, पुढे आणखी मुदत दिली. शिष्यवृत्ती मात्र पाच वर्षांचीच राहिली. शेवटच्या वर्षातल्या मुलांना दरमहा ३५ हजार मिळत, ते वेळेवर थांबले; काम संपलेलं नव्हतं, उलट वाढलं होतं. खोलीभाडं कुठून द्यायचं? त्याच सुमारास, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने आरोग्यासारखी निकडीची खाती वगळून नवी भरती थांबवली. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं तर तासिकाच नाहीत, तर मानधन कसलं.

सगळ्यांना झळ सारखी बसली नाही. संगणकावर काम करणारे बऱ्यापैकी निभावले. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून कोविडच्या आरटी-पीसीआर तपासणीची सोपी पद्धत काढली, त्याचा मला अभिमान आहे. पण परदेशातल्या पाहण्यांत दिसलं, की सर्वाधिक वेळ गमावला तो हाताने प्रयोग करणाऱ्यांनी आणि घरी लहान मूल असलेल्यांनी, त्यातही बायकांनी. २०२० मध्ये शोधनिबंध छापून येतच होते, कारण ते आधीच्या कामाचे होते. ज्या संशोधकांच्या कामाचा कोविडशी संबंध नव्हता, त्यांनी नवे विषय मात्र कमी हाती घेतले. मला जास्त काळजी या न सुरू झालेल्या कामांची वाटते, कारण ती कुठल्याच यादीत दिसत नाहीत.

आता माझी ती विद्यार्थिनी नोकरीच्या मुलाखतींना जाते. समोरचे विचारतात, ‘२०२० ते २१ मध्ये एकही शोधनिबंध नाही?’ ती सांगायला लाजते. म्हणून तिच्या शिफारसपत्रात पहिल्याच परिच्छेदात मी लिहितो: प्रयोगशाळा किती दिवस बंद होती, कोणत्या पेशी गेल्या, त्या पुन्हा वाढवायला तिला किती महिने लागले.