बसून ऐकायचा बेंजो

(दृश्य : विसर्जन मिरवणूक. ट्रॉलीवर बेंजो पार्टी.)

मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी. कोल्हापूरच्या विसर्जन मिरवणुकीची ही वाट इथल्या लहान पोरालाही पाठ असते. ट्रॉलीवर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशा, आणि या सगळ्या गदारोळावर कर्ण्यातून चढणारा बेंजो. उजवीकडं मान खाली घालून वाजवतोय, तो आपला माणूस. त्याच्याकडं कुणी बघत नाही. लोक नाचण्यात दंग आहेत. हे चित्रण आमचं नाही, मंडळातल्याच एकानं मोबाइलवर केलेलं आहे.

(दृश्य : माडीवरची खोली. बेंजोचं झाकण काढलेलं.)

आता तेच वाद्य जवळून बघा. लांबट लाकडी पेटी आणि वर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हातानं बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर टेकते आणि उजव्या हातातली नखी ती छेडते. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 साली हे वाद्य तयार केलं. तिथं त्याचं नाव टैशोगोटो. आपल्याकडं ते बुलबुलतरंग झालं, बेंजो झालं. बलुचिस्तानात आजही लोक बैठकीत बसून हेच वाद्य ऐकतात. आपण मात्र ते ट्रॉलीवर चढवलं, ते परत खाली उतरवलंच नाही.

शाळा सुटली की हा पार्टीबरोबर जायचा. नोटेशन कधी शिकला नाही. गाणं एकदा कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत बोटात यायचं. लग्नसराई, गावोगावच्या जत्रा, गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली की सुपारी पक्की, आणि सुपारी आली की रात्र गेली. वाजवायची ती दुसऱ्यांची गाणी, तीही चढत्या लयीत.

पार्टी का सोडली, यावर तो एवढंच बोलला : “लोकांस्नी नाचवायला लई वाजवलं. आता बसून ऐकतील असं कायतर करायचं हाय.” भांडण नव्हतं. नंतरच्या हंगामात तो ट्रॉलीवर नव्हता.

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. लेथवर फिरणारी पितळी सळई.)

दिवसा तो उद्यमनगरात लेथवर असतो. मालकाच्या परवानगीनं सुट्टीनंतर मशिन त्याचं. पार्टीच्या बेंजोचे पडदे झिजलेले होते. मिरवणुकीत ते खपून जातं, पण संथ वाजवायला घेतलं की प्रत्येक सूर उघडा पडतो. म्हणून पितळी सळईचे नवे पडदे त्यानं स्वतः घासले. पुढची अडचण बटणांची. सुटताना ती खटखट वाजतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये सुरांइतकीच खटखट ऐकू यायची. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक तुकडे प्रत्येक बटणाखाली चिकटवले, तेव्हा आवाज बसला. स्क्रीनवर दिसतंय ते घोडीपलीकडचं, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या पलीकडचं बोट. तिथं तार दाबली की सूर किंचित चढतो. बेंजोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

(दृश्य : मिरज. तंबोऱ्याचे भोपळे, कानस, घोडी.)

तरी एक गोष्ट लेथवर होणारी नव्हती. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या तारा कोरड्या वाजत होत्या. त्यासाठी तो मिरजेला गेला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं करायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथले कारागीर घोडीच्या सपाट माथ्याला कानशीनं अगदी हलका उतार देतात. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर जागे होतात. हीच जवारी. बेंजोला जवारी लावायची म्हटल्यावर कारागीर आधी हसले, मग त्यांनी चष्मा लावला. बेंजोची मूळ घोडी अरुंद असते, म्हणून त्यांनी रुंद घोडी नव्यानं घडवली. घासायची, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत घासायची. आमचा कॅमेरा चालू होता, त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं.

(तारांचा आवाज. निवेदन थांबते.)

ज्यांना हे खूळ वाटतं, त्यांनी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची हकिकत आठवावी. तीही बाहेरून आलेली, साथीची, सुरांना खिळे ठोकलेली. आकाशवाणीनं 1940 साली तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत चालली. त्या पेटीला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अग्रणी होते ते कोल्हापुरात वाढलेले गोविंदराव टेंबे. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली आणि थोड्याच काळात ती सोडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. ज्या शहरात शाहू महाराजांनी गायक अल्लादियाखाँना मानानं ठेवून घेतलं, जिथं देवल क्लब ही संगीतसंस्था 1883 पासून गाणं ऐकत आलाय, त्या शहरानं बेंजोलाही सतरंजी अंथरावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : रात्र. भिंतीला टांगलेल्या वाकळा. रेकॉर्डिंग.)

खालची पिठाची गिरण बंद झाली की रेकॉर्डिंग सुरू. भिंतीवर आईच्या वाकळा, म्हणजे आवाज घुमत नाही. चाल त्याची स्वतःची आहे, पिलू रागाच्या अंगानं जाणारी. ठेका धुमाळी तालाचा, ढोलकीवर पार्टीतलाच जुना जोडीदार. सुरुवातीला तो सवयीनं लय चढवायचा. यानं नुसती मान हलवली की परत पहिल्यापासून.

सणासुदीचं उत्पन्न गेलं, घर आता लेथच्या पगारावर चालतं.

(दृश्य : तालमीचा हॉल. सतरंजीवर बसलेली माणसं.)

पहिला कार्यक्रम पेठेतल्या तालमीत झाला. कर्णे नव्हते, दोन छोटे स्पीकर होते. पुढं पैलवान पोरं, मागं भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं, दारात चपलांचा ढीग. पार्टीतले सगळे आले होते. पहिल्या आलापाला कुणीतरी सवयीनं शिट्टी मारली, शेजारच्यानं त्याचा हात दाबला. पुढचं आम्ही सांगत नाही, सलग दाखवतो.

(वादन. निवेदन नाही.)

ती चाल आता इंटरनेटवर आहे. पार्टीत असताना बॅनरवर फक्त पार्टीचं नाव असायचं. इथं संगीतकार आणि वादक म्हणून त्याचं नाव आहे, त्याखाली ढोलकीवाल्याचं आणि त्याखाली मिरजेच्या कारागिरांचं. दुसरी चाल बसवणं चालू आहे. तिच्यात संबळ लागणार आहे आणि संबळ वाजवणारा गणपती झाल्याशिवाय मोकळा होत नाही.