पुण्याहून मुंबई: भाड्याच्या आधीचा हिशेब

(दृश्य: मुलुंड पश्चिम. इस्टेट एजंटच्या गाळ्याबाहेर 'वन बीएचके भाड्याने'च्या पाट्या.)

पुण्याहून मुंबईला बदली झाली की घरचे पहिलं विचारतात, "भाडं किती पडतं रे?" प्रश्न रास्त, पण अपुरा. किराणा, गॅस, मोबाईल यांत दोन्ही शहरांत फारसा फरक नाही. व्यवसाय कर तोच, आणि स्कूटरचा एमएच-१२ नंबरही बदलावा लागत नाही. माणूस अडतो तो चावी हातात पडायच्या आधी.

समजा, वन बीएचकेचं भाडं ३५ हजार. तीन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे एक लाख पाच हजार. एक महिन्याची दलाली. पहिलं भाडं आगाऊ. झाले पावणेदोन लाख! वर ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण हजार रुपये, आणि नोंदणीचे आणखी हजार. सामानाचा टेम्पो अजून एक्सप्रेस वेवर चढलेलाही नाही.

या शेवटच्या दोन हजारांत मात्र काटकसर नको. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने कराराची नोंदणी सक्तीची केली आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "नुसतं नोटरी करून टाकू" म्हणणारा मालक आपलाच तोटा करतो: वाद झालाच, तर नोंदणी नसलेल्या करारात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत.

(दृश्य: मुलुंड स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग.)

आता अंतर. ठाणे, डोंबिवली, बदलापूर. लाईनवर पुढे सरकावं तसं भाडं उतरतं. लोकलचा पास स्वस्त आहे, यात वाद नाही. पण जाहिरातीतलं "स्टेशनपासून पाच मिनिटं" बहुतेक वेळा रिक्षाचं असतं, पायी नव्हे. फेब्रुवारी २०२५ पासून मीटरचं किमान भाडं २६ रुपये. जाऊन-येऊन ५२, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १३००. सेकंड क्लासच्या पासापेक्षा स्टेशनपर्यंतची रिक्षाच महाग! शेअर रिक्षाने हा आकडा खाली येतो, पण पावसाळ्यात त्या रांगेत उभं राहून बघा. पुण्यात दारातून स्कूटर काढायची सवय असलेल्याने घर बघायला जाताना स्टेशनपासून चालतच जावं.

आणि टोकन देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पुढच्या वर्षी भाडेवाढ किती? लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा? आणि करार नव्याने करताना पुन्हा दलाली आहे का? टोकन दिल्यावर विचारलंत, तर एजंट हसून म्हणतो, "अहो, ते बघू ना नंतर."