समुद्राकाठच्या घराचा रंग सोलापुरात ठरवू नका

मंडळी, आपल्या शहरातली बरीच कुटुंबं आता कोकणात छोटं घर बांधू लागली आहेत. कुणी गुहागरला, कुणी मालवणला, कुणी रत्नागिरीच्या आसपास. घर तिकडं उभं राहतं, पण खरेदी इथं होते. शेड कार्डही इथल्याच दुकानात, इथल्याच उजेडात उघडलं जातं. माझं म्हणणं त्यालाच अडवणारं आहे. ज्या खोलीतून समुद्र दिसतो, त्या बैठकीच्या खोलीचा रंग तिथल्या उजेडात, तिथल्या भिंतीवर बघूनच ठरवायला हवा.

कारण दोन्हीकडचा उजेड वेगळा. आपल्याकडं हवा कोरडी, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर, ऊन सरळ आणि कडक. कोकणात हवेत बाष्प भरलेलं असतं, त्यामुळं उजेड पसरतो, सावल्यांच्या कडा मऊ होतात. शिवाय आपला सगळा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. म्हणजे समुद्र दिसणाऱ्या खोलीत सकाळी थेट ऊन नसतं, नुसता आकाशाचा थंड, निळसर उजेड असतो. दुपारनंतर पाण्यावरची चमक आत शिरते आणि पाचनंतर सूर्य थेट समोर येऊन नारिंगी ऊन समोरच्या भिंतीपर्यंत पोचतं. एकाच दिवसात एकच भिंत तीन रंगांची दिसते.

या संध्याकाळच्या उन्हाचा हिशेब कुणी करत नाही. समुद्र म्हणून लोक हौसेनं आकाशी किंवा मोरपंखी भिंत करतात. नारिंगी उन्हात निळा भाग फार कमी असतो, त्यामुळं निळी भिंत त्याच वेळेला मळकट, राखाडी दिसते. आणि सगळं घर खिडकीशी गोळा होण्याची वेळ नेमकी तीच. याउलट बदामी, गव्हाळ, मोतिया हे रंग त्या उन्हात उजळतात. मात्र गडद पिवळा लावलात तर तो संध्याकाळी इतका भडकतो, की डोळ्याला टोचतो.

निळ्या-पांढऱ्या घराचं चित्र आपल्या मनात ग्रीसच्या बेटांवरून आलंय. तिथला उन्हाळा कोरडा, झाडी कमी, डोंगर फिकट. आपल्या कोकणात अंगणात तांबडा जांभा दगड, पलीकडं आंबा-काजूची गर्द झाडी आणि पावसाळ्यात गढूळ समुद्र. रत्नागिरीत तर एका किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात आणि दुसऱ्याला काळा, वाळूच्या रंगावरून. मग घराचे रंग दुसऱ्या देशाकडून का मागून आणायचे?

आता एक गोष्ट सांगतो, ती विणकरांच्या गावात सांगायला मला फार आवडते. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा, भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणणारा जुना सरकारी कारखाना आहे. १८२४ साली मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार आली, की काळा धागा फिका दिसतो. त्यानं धागा तपासला. रंगाईत खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा-जांभळा विणला होता, त्यामुळं काळ्याचा जोर गेला होता. शेजार बदलला की तोच काळा ठसठशीत. हा नियम त्यानं १८३९ साली ग्रंथातून मांडला. आपल्याकडं चादरीचं किंवा इरकलीचं काठ-अंग ज्यांनी जुळवलंय, त्यांना हे हातानं ठाऊक आहे.

हाच नियम त्या खोलीला लावा. मोठ्या खिडकीतून लख्ख आकाश दिसतं, म्हणून खिडकी असलेली भिंत आहे त्यापेक्षा काळवंडलेली वाटते. ती भिंत खोलीतली सगळ्यांत उजळ ठेवा. थोडा गडद रंग हवाच असेल, तर तो खिडकीसमोरच्या भिंतीला द्या, तिला भरपूर उजेड मिळतो. अनेक कंपन्यांच्या शेडबरोबर प्रकाश किती परत फेकला जातो त्याचा आकडा मिळतो, ० ते १०० मधला. खिडकीच्या भिंतीला तो ७५-८० च्या आसपास असावा असं मी सुचवतो. अगदी शुभ्र पांढरा मात्र नको. पाण्याची चमक त्यावर पडून दुपारी डोळे दिपतात.

आणखी एक गंमत जवळून बघण्यासारखी आहे. सकाळी दहा-साडेदहाला जांभ्याच्या अंगणावर ऊन पडतं, आणि दारालगतच्या पांढऱ्या भिंतीच्या खालच्या भागावर लालसर झाक चढते. वरच्या बाजूला झाडीचा हिरवा उजेड असतो. रंगाऱ्यानं एकच डबा वापरलाय, तरी भिंत खाली गुलाबी, वर पोपटी. पांढऱ्यात किंचित मातकट छटा घेतली की हे दोन्ही तीत मुरून जातात.

म्हणून नमुना मोठा करा. बोटभर चौकोन बघून शेड ठरवू नका, सगळ्या भिंतीला लागल्यावर ती जास्तच गडद वाटते. दोन फुटी प्लायला दोन हात मारा आणि तो तिकडं न्या. रत्नागिरी-नागपूर महामार्गानं तुम्ही जाणारच आहात, डिकीत चार फळ्या मावतात. जुन्या रंगाच्या भिंतीवर पट्टे ओढू नका, जुना रंग नव्याला फसवतो. फळी प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, तीनच्या सुमाराला आणि सूर्यास्ताला बघा. मग दिवे लावून बघा. आपल्याकडचा सूत रंगवणारा जाणकार सुताची लड दारात, उन्हात नेऊन बघतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसतात. त्या खोलीत रात्री ६५०० केल्विनचे पांढरेफटक दिवे लावणार असाल, तर बदामी भिंत फिक्कट, आजारी दिसेल. ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे घ्या.

ओलीबद्दल थोडक्यात. कोकणात वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस, आपल्याकडं त्याचा चौथा हिस्साही नाही. तिथं साधं डिस्टेंपर टिकत नाही, पापुद्रे सुटतात. नव्या प्लास्टरला निदान चार आठवडे द्या, भिंत पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर नको. बुरशीरोधक अॅक्रिलिक इमल्शन घ्या आणि काम दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत उरका. चकचकीत फिनिश टाळा, बाजूनं येणाऱ्या उन्हात पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दिसतो. मंद झाक असलेलं फिनिश पुसताही येतं आणि डोळ्यालाही बरं.

चादरी, उशा, पडदे इथूनच न्या. चादरीतला गर्द लाल किंवा मोरपंखी त्या मातकट-पांढऱ्या भिंतीपुढं जसा उठून दिसतो, तसा निळ्या भिंतीपुढं दिसत नाही. गडद रंगाची हौस तिथं भागवा, ते बदलताही येतात.

शेवटी डब्यांचं. सुताचा लॉट बदलला की छटा बदलते, रंगाचंही तसंच. एका भिंतीला लागणारे सगळे डबे एकाच बॅचचे घ्या, मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावा, आणि शेडचा नंबर विजेच्या मीटरबोर्डाच्या दाराला आतून लिहून ठेवा.