यादीत नाव आहे का?

(उद्यमबाग, बेळगाव. भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, लोखंड उतरतं. पहिले काही सेकंद नुसता आवाज.)

खानापूर रोडवरची ही उद्यमबाग, कारखान्यांची वसाहत. इथं ओतलेलं लोखंड पंपात जातं, मोटारीत जातं, कुणाकुणाच्या इंजिनात जातं. सकाळपासून साचे भरून ठेवलेत. दुपारी भट्टी तयार झाली की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हातानंच खुणा करतात. हे चित्र आम्ही तीन वेळा घेतलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.

आपल्याला मात्र वर जायचंय. लोखंडी जिना चढला की काचेची एक खोली. टेबलावर टॅली उघडलेला कॉम्प्युटर, जीएसटीच्या फायली, आणि डब्याच्या पिशवीला टेकवून ठेवलेला मोबाईल.

ही ताई इथले हिशेब बघते. आठ वर्षं झाली. राणी चन्नम्मा विद्यापीठाची बी.कॉम. नाव नको म्हणाली, चेहरा नको म्हणाली. म्हणून तुम्हाला तिचे हात दिसतील. एक दिवस बिलं तपासताना मालक सहज म्हणाले, "एमबीए असतीस तर दोन्ही प्लांटचं तुझ्याकडंच दिलं असतं की." मालक चहा पिऊन खाली गेले. ही मात्र तेच वाक्य घेऊन घरी गेली.

(रात्र. स्वयंपाकघर. ओट्यावर मोबाईल, शेजारी भिजत घातलेले वाटाणे.)

कॉलेजला जाऊन एमबीए करायचं तर सोय नाही असं नाही. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' असा वेगळा प्रकारच आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्या गावांतल्या मुलांसाठी. पण त्यासाठी कोल्हापूर-पुण्याला जाऊन राहायला पाहिजे. दोन वर्षं. नोकरी सोडून. तिनं तो विचार भाजी परततानाच संपवला.

मग मोबाईलवर टाइप केलं: ऑनलाइन एमबीए, कमी फी. एका पानानं नाव आणि नंबर मागितला, तिनं दिला. पुढच्या दोन दिवसांत एकोणीस फोन आले. मोजलेत, कारण आमचा कॅमेरा चालू होता.

(फोन स्पीकरवर. फक्त आवाज.)

"मॅडम, आजच सीट ब्लॉक करा, उद्यापासून फी वाढतीय." ऑनलाइन वर्गात बाकं कुठली संपतात, हे कुणी विचारायचं? दुसरा म्हणतो, "फीचं टेन्शन घेऊ नका, महिन्याला थोडे थोडे." हे थोडे थोडे म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. शिक्षण आवडलं नाही म्हणून तुम्ही सोडलं, तरी हप्ता तुम्हाला सोडत नाही. तिसऱ्यानं तर फोनवरच तिला 'फ्युचर मॅनेजर' करून टाकलं.

एकोणिसांपैकी एकालाही तिनं विचारलं नाही की यादीत नाव आहे का. कारण अशी यादी असते हेच माहीत नव्हतं. आम्हालाही, हा व्हिडिओ करायला घेईपर्यंत, नीट नव्हतं.

(मोबाईलचा स्क्रीन, जवळून. बोट हळूहळू खाली सरकतं.)

ही ती यादी. युजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. त्याचा दूरशिक्षण विभाग, ज्याला सगळे डीईबी म्हणतात, त्याच्या पोर्टलवर असते. फुकट. लॉगिन नाही, नंबर द्यायचा नाही, कुणाचा फोन येत नाही. अडचण एकच, कंटाळवाणी आहे. पण बघायची रीत एकदा कळली की दहा मिनिटांचं काम. आधी विद्यापीठ शोधायचं. मग त्याच्यासमोर आपला अभ्यासक्रम लिहिलाय का बघायचं, कारण एखाद्या विद्यापीठाला एम.कॉम.ची परवानगी असते आणि एमबीएची नसते. दूरशिक्षणाची परवानगी वेगळी, ऑनलाइनची वेगळी. दोन्हींत नाव एकच दिसतं म्हणून फसायचं नाही. आणि सत्र. जानेवारीचं की जुलैचं, कुठल्या वर्षाचं. गेल्या वर्षी परवानगी होती म्हणजे यंदा असेलच असं नाही.

इथंच घोटाळा होतो. जाहिरातीत 'नॅक ए प्लस' एवढं मोठ्या अक्षरात असतं की पुढचं कुणी वाचत नाही. नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणारी संस्था. तिची श्रेणी अख्ख्या विद्यापीठाची असते. तुमच्या अभ्यासक्रमाला परवानगी आहे का, हे ती श्रेणी सांगत नाही. आणि मॅनेजमेंटचा विषय असला की एआयसीटीईचं, म्हणजे तंत्र आणि मॅनेजमेंट शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, काय, हेही विचारून घ्यायचं.

पदवी फक्त विद्यापीठ देऊ शकतं, नाहीतर संसदेनं तसा अधिकार दिलेली संस्था. १९५६ च्या युजीसी कायद्यात हे सरळ लिहिलंय. अ‍ॅप देऊ शकत नाही, क्लास देऊ शकत नाही, टिळकवाडीतलं एसी लावलेलं ऑफिसही देऊ शकत नाही. 'दहा दिवसांत एमबीए' म्हणून जाहिराती निघाल्या, तेव्हा २०२४ मध्ये युजीसीला जाहीर सांगावं लागलं की असली काही पदवी नसते.

(गोकाक. धबधबा, झुलता पूल. पाणी भरपूर आहे.)

गोकाकला गेलो आणि धबधबा घेतला नाही असं होणार नाही, तेव्हा हे बघून घ्या. गेलो होतो मात्र वेगळ्याच कारणानं. बनावट विद्यापीठांची यादी युजीसी दरवर्षी काढते. त्यात वर्षानुवर्षं कर्नाटकातलं एक नाव होतं, आणि त्याचा पत्ता गोकाकचा. आपल्याच जिल्ह्यातला. तालुक्याच्या गावात आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी करदंटाची मिठाई कुठं चांगली मिळते ते सांगितलं. यादीचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

(निपाणी. तंबाखूची वखार. उन्हाच्या तिरिपेत धूळ. पोती शिवणारे हात.)

निपाणी. इथला तंबाखू नाकात गेला की बाहेरचा माणूस ओळखू येतो, तो शिंकतो. इथून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. बाजाराला कोल्हापूर, दवाखान्याला कोल्हापूर, सोयरीक कोल्हापूरला. पण शिकायला बसला की निपाणीचा पोरगा कर्नाटकातला होतो. असं का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

राज्याच्या कायद्यानं झालेल्या विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या आतच चालवता येतं. २००५ मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या खासगी विद्यापीठांचा निकाल दिला. तिथं एका कायद्याच्या आधारावर शंभरावर विद्यापीठं उगवली होती, काहींना स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. राज्याच्या विद्यापीठानं राज्याबाहेर हातपाय पसरायचे नाहीत, हे तेव्हापासून घट्ट झालं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. मराठीतून शिकवतं, गावोगाव केंद्रं आहेत, आणि ती सगळी महाराष्ट्रात. निपाणीच्या पलीकडं कागलला ते आहे. अलीकडं नाही.

म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ आपल्या हद्दीतलं. पण त्याचीही एक गोष्ट आहे. राज्याबाहेर आणि खासगी संस्थांच्या भागीदारीत अभ्यासक्रम चालवल्याच्या कारणावरून २०१५ मध्ये युजीसीनं त्याची मान्यता काढली. २०१८ मध्ये परत दिली. मधल्या काळात शिकलेल्यांनी काय करायचं? फायली घेऊन फिरायचं.

आता आमच्या दृष्टीनं मुद्द्याची गोष्ट. युजीसीनं सप्टेंबर २०२० मध्ये नवे नियम केले. त्यात परवानगी मिळालेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला राज्याची हद्द ठेवली नाही. दूरशिक्षणाला कागलच्या नाक्यावर थांबवतात, ऑनलाइनला थांबवत नाहीत! एवढी मोठी गोष्ट सीमाभागात कुणी लाऊडस्पीकर लावून सांगितली नाही. आम्ही सांगतोय.

(कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठ. महाराजांचा अश्वारूढ पुतळा, मागं मुख्य इमारत. कॅमेरा खालून वर.)

शिवाजी विद्यापीठ, १९६२. इथं दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. निपाणीच्या, खानापूरच्या, बेळगावच्या पोरांनी केंद्राच्या ऑनलाइन यादीत एम.कॉम. बघावं, एमबीए बघावं. ते डीईबीच्या यादीशी ताडून बघावं आणि मग ठरवावं.

आणि गंमत बघा. उद्यमबागेतून त्याच खानापूर रोडनं पुढं मच्छेला गेलं की व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालय, ज्ञान संगम. १९९८ चं विद्यापीठ. त्यांनीही ऑनलाइन एमबीए सुरू केलाय. ताई रोज ज्या रस्त्यानं कामाला जाते त्याच रस्त्यावर. एकोणीस फोनांत याचं नाव एकदाही आलं नाही.

इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, तर केंद्राच्या १९८५ च्या कायद्यानं झालेलं, त्याला पहिल्यापासूनच कुठल्या राज्याची हद्द नाही. आम्ही पाहिलं तेव्हा त्यांच्या एमबीएची चार सत्रांची फी मिळून ६० ते ६५ हजारांच्या घरात होती. फोनवरची मंडळी दीड-दोन लाखांवरून सुरुवात करत होती. तिनं फाउंड्रीच्याच जुन्या बिलाच्या पाठीवर दोन्ही आकडे मांडले, खाली परीक्षा फी मिळवली, वजाबाकी केली, आणि पेन्सिल खाली ठेवली. हे दृश्य आम्ही कापलं नाही.

मान्यतेच्या यादीतली ऑनलाइन पदवी कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची, असं युजीसीनं २०२२ मध्ये लेखी सांगितलंय.

(खानापूर तालुका. जंगल, पाऊस. एक मुलगा मोबाईल उंच धरून बांधावर उभा आहे.)

जांबोटीच्या वरच्या बाजूला नेटवर्क असं हुडकावं लागतं. लेक्चर रेकॉर्ड केलेलं असतं, ते कसंही बघता येतं. पण ऑनलाइन परीक्षेला कॅमेऱ्यासमोर बसायचं असतं, मान वळवली तरी इशारा येतो. हा मुलगा परीक्षेच्या दिवशी बेळगावला मामाकडं जातो. मामाच्या घरातली सगळी मंडळी तीन तास हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत, मिक्सर लावत नाहीत.

माझ्या धाकट्या भावानं एका 'स्टडी सेंटर'ला पैसे भरले होते. युजीसीच्या नियमात अशी फ्रँचायझी चालत नाही. पैसे गेले, दोन वर्षं गेली. त्याचं चित्रीकरण नाही.

(आधार केंद्र, शहापूर. रांग.)

ताईचं ठरलं. कुठलं विद्यापीठ ते सांगू नका म्हणाली, मालकाला आधी कळायला नको. प्रवेशाआधी डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, २०२४ पासून सक्तीचा. त्याच्या आधी क्रेडिट बँकेचं खातं, ज्यात शिकलेल्या विषयांचे श्रेयांक जमा होतात, आणि त्यासाठी आधार. सगळीकडं नाव एकसारखं पाहिजे. तिथं गाडी अडली. मार्कशीटवर तिच्या नावातला 'त' एका टीनं लिहिलाय. आधारवर टीच्या पुढं एच. कर्नाटकात 'त' असाच लिहितात, कुणाची चूक नाही. घरी बोलवायला नाव एकच, कागदावर दोन बायका.

दीड तासानं नंबर आला. ऑपरेटरनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि कन्नडमध्ये विचारलं, एच पाहिजे की नको: "अक्का, एच बेका, ब्याडा?"

(तिचे हात. मार्कशीट पुढं सरकवते.)

"एच ब्याड री."