यादीत कुणाचं नाव? छोट्या उद्योजकांची निवड करताना

श्रोतेहो, नमस्कार.

विकसनशील देशांत छोट्या उद्योजकांसाठी योजना पुष्कळ निघतात. कुठे अनुदान, कुठे प्रशिक्षण, कुठे सल्लागार. पैसे मोजके आणि अर्जदार हजारो. मग निवड समिती बसते, अर्ज वाचते, गुण देते आणि यादी लागते. पुढचं सगळं या यादीवर अवलंबून असतं, आणि तिच्यावरच सर्वांत कमी वेळ खर्च होतो.

पहिला गोंधळ उद्दिष्टाचा. ‘चांगले उद्योजक निवडा’ एवढंच सांगितलं, तर समिती आधीच सुस्थितीत असलेले धंदे निवडते. त्यांची कागदपत्रं पूर्ण असतात, बँकेत शिल्लक असते, बोलणं आत्मविश्वासाचं असतं. पण असा धंदा मदतीशिवायही वाढलाच असता. तीन वर्षांनी त्याची भरभराट दाखवून योजना यशस्वी ठरवणं ही आपलीच फसवणूक आहे. विचारायचं ते असं: ही मदत मिळाली तर आणि न मिळाली तर, या माणसाच्या धंद्यात फरक किती पडेल?

त्यासाठी अडलंय कुठे, ते कळायला हवं. समजा, तीन सुतार आहेत. पहिल्याच्या हातात ऑर्डर आहेत, पण लाकूड घ्यायला आगाऊ रक्कम नाही. त्याला खेळतं भांडवल हवं. दुसऱ्याचं यंत्र अर्धा दिवस बंद असतं, कारण गिऱ्हाईक नाही; त्याला आणखी एक यंत्र दिलं तर तेही बंदच राहील. तिसऱ्याची विक्री उत्तम, पण गल्ला आणि घरखर्च एकाच डब्यात. त्याला आधी हिशेब वेगळे ठेवायला शिकवलं पाहिजे. तिघांनाही सरसकट तेच अनुदान दिलं, तर दोघांच्या बाबतीत ते वाया जाणार.

अर्जावरून हे कळत नाही. प्राथमिक चाळणीनंतर उरलेल्यांच्या धंद्याच्या जागी तासभर जाऊन बसावं लागतं. मागच्या महिन्यात ऑर्डर किती नाकारल्या आणि का? माल उधार मिळतो का, किती दिवसांच्या बोलीवर? यंत्र दिवसाला किती तास चालतं? लोकांकडून येणं किती आहे? नफा विचारताना मात्र विक्री आणि खर्चाच्या लांबलचक यादीत शिरू नका. श्रीलंकेतल्या लहान धंद्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की खर्च वजा जाता गेल्या महिन्यात हाती किती उरले, हा एकच थेट प्रश्न जास्त खरं उत्तर देतो. विक्रीचा आकडा लोक बऱ्याचदा कमी सांगतात, आणि त्यावरून काढलेला नफाही चुकतो.

आता परीक्षकांकडे येऊ. नायजेरियात 2011 मध्ये ‘यूविन’ नावाची मोठी व्यवसाय आराखडा स्पर्धा सुरू झाली. जवळजवळ 24 हजार अर्ज आले. 1,200 जणांना सरासरी सुमारे 50 हजार डॉलर मिळाले, आणि विजेत्यांपैकी निम्म्याहून अधिक जण उपांत्य फेरीतून सोडतीने निवडले होते. त्यामुळे पैशाचा परिणाम स्वच्छ मोजता आला. नवा धंदा काढणाऱ्यांमध्ये, तीन वर्षांनी धंदा चालू असण्याचं प्रमाण सोडतीत नाव न आलेल्यांपेक्षा शंभरामागे 37 ने जास्त होतं. म्हणजे पैशाने काम केलं. पण परीक्षकांनी आराखड्यांना दिलेले गुण आणि धंद्याचं पुढचं टिकणं, कामगार, विक्री, नफा यांचा मेळच लागला नाही. संगणकाला भरपूर माहिती पुरवून अंदाज करायला लावले, तरी साध्या पद्धतींपेक्षा फारसं काही जास्त हाती आलं नाही. परीक्षक आळशी होते असा याचा अर्थ नव्हे. कच्चे अर्ज आधीच्या टप्प्यात गळल्यावर उरलेल्यांमध्ये 71 गुणांचा आणि 74 गुणांचा फरक धंद्याबद्दल फारसं काही सांगत नाही. त्यात अर्ज कुणी लिहून दिला, याचाही भाग असतो.

मग माहिती असते कुणाकडे? बरीचशी शेजाऱ्यांकडे. अमरावतीत संशोधकांनी एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांचे गट केले आणि प्रत्येकाकडून गटातल्या बाकीच्यांची क्रमवारी घेतली. मग सोडतीने काहींना 6 हजार रुपये, म्हणजे त्या वेळचे सुमारे 100 डॉलर दिले. दिलेल्या पैशावरचा सरासरी परतावा महिन्याला 9.4 टक्के निघाला. ज्यांना गटाने वरच्या एक तृतीयांशात ठेवलं होतं, त्यांचा मात्र 24 ते 30 टक्के! वय, शिक्षण, घरची स्थिती यांवरून जे कळत नव्हतं, ते शेजाऱ्यांना माहीत होतं.

इथे एक खाच आहे, आणि घाईत राबवणारे नेमके तिथेच अडकतात. आपल्या उत्तरावरून पैसे वाटले जाणार हे कळलं, की लोक नातलगांना आणि मित्रांना वर चढवतात. त्या प्रयोगात खऱ्या उत्तराला छोटा मोबदला ठेवल्यावर हा कल आटोक्यात आला. उत्तरं इतरांच्या उत्तरांशी ताडून तो मोबदला ठरत होता. म्हणून पाच-सहा जणांचा गट घ्या, प्रत्येकाला वेगळं बसवा, नावांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावायला सांगा. प्रश्न ‘चांगला कोण’ असा नको. ‘एवढे पैसे मिळाले तर कुणाचा नफा सर्वांत जास्त वाढेल’ असा हवा. सोबत पडताळता येईल असंही काही विचारा, उदाहरणार्थ अमक्याकडे कामाला किती माणसं आहेत. सांगणाऱ्याला खरंच किती माहीत आहे ते त्यावरून कळतं. आणि जिथे माणसं नुकतीच येऊन राहिली आहेत, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथे या पद्धतीवर भिस्त ठेवू नका.

महिला उद्योजकांबद्दल मोठा गैरसमज आहे. काही प्रयोगांत महिलांना दिलेल्या रोख अनुदानाने त्यांचा नफा वाढलेला दिसला नाही, आणि ‘महिलांना भांडवल देऊन उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा तपासल्यावर वेगळं चित्र दिसलं. घरात दुसरा धंदा असेल तर तिला मिळालेला पैसा अनेकदा पतीच्या धंद्यात जातो. घरातला एकमेव धंदा तिचा असेल, तर ती मागे पडत नाही. तेव्हा अर्जात घरातल्या सगळ्या धंद्यांची नोंद घ्या आणि परिणाम मोजताना सगळ्या घराचा नफा मोजा. पैशाऐवजी माल किंवा अवजारं देणं हा एक मार्ग आहे, पण घानात त्याचा फायदा मुख्यतः आधीच बरा नफा असलेल्या महिलांना झाला. अगदी छोट्या धंद्याला तोही पुरला नाही.

अर्ज एका पानाचा ठेवा आणि तोंडी सांगितलेलाही लिहून घ्या. नाहीतर भाषा येणाऱ्यांचीच निवड होते. पात्रतेची रेघ आधी जाहीर करा. रेघेच्या वर जागांपेक्षा जास्त माणसं उरली, तर गुणांच्या अपूर्णांकावर भांडत बसण्यापेक्षा सर्वांसमोर सोडत काढा. अनुदान हप्त्यांत द्या. पुढचा हप्ता मात्र नफ्यावर बांधू नका, कारण मग नफा फुगवून सांगितला जातो; ठरलेली वस्तू घेतली का, माणूस कामावर ठेवला का, यावर बांधा. आणि सोडतीत नाव न आलेल्यांचे पत्ते जपून ठेवा. वर्षाने आणि तीन वर्षांनी त्यांच्याकडेही तेच प्रश्न घेऊन जा, आणि पुढच्या फेरीत त्यांना पुन्हा कागदपत्रं गोळा करायला न लावता थेट सोडतीत घ्या.

नमस्कार.