मशीन आलं, पगार कोण देणार?

(सकाळ. दिघा गाव स्टेशन, बाहेर पडणारी गर्दी.)

ठाणे आणि ऐरोलीच्या मधलं हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. पुढे टीटीसी एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्यामागे डोंगराच्या उतारावर चढत गेलेली वस्ती. वस्तीतल्या या धर्मादाय दवाखान्याची बाकं आठ वाजताच भरली आहेत. कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, आजीच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर.

(आतली खोली. चादर पांघरलेलं एक्स-रे मशीन.)

हे मशीन एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या खर्चातून दिलं. नावाची पाटी लागली, फोटो निघाले. मग टेक्निशियन जास्त पगारावर दुसरीकडे गेला, देखभालीचा वार्षिक करार संपला. या दोन खर्चांना दाता मिळत नाही. पगारावर पाटी कुठे लावणार?

(खजिनदारांचं टेबल. ताळेबंद.)

कागदावर संस्था धडधाकट आहे. मशीन, इमारत, कॉर्पसची (कायम राखून ठेवायच्या मूळ निधीची) ठेव, सगळं मालमत्तेत दिसतं. पण इमारतीसाठी आलेल्या पैशातून नर्सचा पगार काढता येत नाही. तब्येत कळते ती खुल्या पैशावरून, म्हणजे कशावरही खर्च करता येईल अशा पैशावरून. समजा महिन्याचा पक्का खर्च ४ लाख आणि खुली शिल्लक ६ लाख. दीड महिना, बस्स. मालमत्ता कोटीची असली तरी दीडच महिना.

मग साठवत का नाहीत? आयकरात सूट हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त मागे ठेवायचं तर कशासाठी आणि किती वर्षांसाठी, ते आधी लिहून द्यायचं. ‘अडीअडचणीला’ हे कारण तिथे चालत नाही.

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. ती मदत खरीच मोठी आहे. पण इथे ती येते मार्चअखेरच्या घाईत, एकेका प्रकल्पापुरती. आणि रांग लागते जुलैत, मलेरिया-डेंग्यूच्या दिवसांत, जुना प्रकल्प संपलेला आणि नवा मंजुरीत अडकलेला असताना.

(काउंटर. पावतीपुस्तक.)

नाक्यावरचा एक किराणा दुकानदार दरमहा पाचशे रुपये देतो. पावतीवरचा ‘हेतू’चा रकाना तो कोराच ठेवायला सांगतो. खजिनदारांची सगळ्यात लाडकी पावती हीच.