गोदीतल्या पूर्वजांचा माग

मित्रहो, ‘आमचे पणजोबा मुंबईला गोदीत होते’ हे वाक्य रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ऐकू येते आणि शोधही बहुधा तिथेच अडतो. कारण मुंबईत गोद्या अनेक आणि त्यांचे मालकही वेगवेगळे. फोर्टमधल्या लायन गेटच्या आतली आरमारी गोदी सरकारी. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे बंदर चालवणाऱ्या संस्थेच्या. माझगाव डॉक तर १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेईपर्यंत खासगी कंपनीचे. पणजोबांना पगार कोण देत होते, हे ठरल्याशिवाय कोणत्याही दप्तरखान्याची पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरमारी गोदी नक्की झाली, की काळ पाहावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचे आरमार ‘बॉम्बे मरीन’ १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ झाले, १८६३ मध्ये पुन्हा जुन्या नावावर आले, १८९२ मध्ये ‘रॉयल इंडियन मरीन’ आणि १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाले. माणूस त्याच गोदीत रंधा मारत राहिला, तरी त्याचे कागद मात्र त्या त्या वेळच्या नावाखाली बांधले गेले.

म्हणून उलटे चालावे. आधी पेन्शनचा कागद, सेवापुस्तिका, मुलांचे शाळेचे दाखले, मृत्यूची नोंद. मग त्यांतून मिळालेले वर्ष आणि हुद्दा घेऊन मागे जावे. सुतार, लोहार, बॉयलर दुरुस्त करणारा अशी कामाची नोंद सापडली, तर ती नावाइतकीच मोलाची समजावी. कारण इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले असण्याची शक्यता असते आणि आडनाव तर पुष्कळदा नसतेच.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शिरताना मात्र अपेक्षा आवरावी लागते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांचे जहाजे बांधणारे घराणे आपल्याला ठाऊक आहे. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. पण तिच्या फळ्या तासणाऱ्या, फटी बुजवणाऱ्या हातांची नावे तशी सहज हाती लागत नाहीत. हिशेबात नुसती माणसांची संख्या आणि मजुरी भेटली, तरी समाधान मानावे. ‘ते जहाज आमच्याच पूर्वजांनी बांधले’ असे घरोघर सांगणारे मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो, की त्या वर्षी ते पूर्वज किती वर्षांचे होते?

या काळासाठी काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात सागरी खात्याची दप्तरे पाहावीत आणि लंडनला जाणे जमलेच, तर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याची. उत्साहाच्या भरात अनेक जण लंडनमधल्याच क्यू येथील ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार गाठतात. पण तिथली गोदी कामगारांची पगारपत्रके मुख्यतः पोर्ट्समथ, चॅटम अशा ब्रिटिश नौदलाच्या स्वतःच्या गोद्यांची आहेत आणि मुंबईची गोदी त्या काळात कंपनीची होती.